कारवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्यांना कारवी ठाऊक असते ती ‘आठ वर्षांनी फुलणारी’ म्हणून. फुलण्याचं वर्ष आलं की प्रश्नांचा पूर येतो आणि पुढची सात वर्षं कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खरं तर तिच्याबद्दलचे बरेचसे गैरसमज याच बिनफुलांच्या वर्षांमुळे झालेत. म्हणून इथे फुलांइतकीच जागा काठ्यांना, बोंडांना आणि वाळक्या रानालाही दिली आहे.

कारवी म्हणजे झाड, झुडूप की वेल?

झुडूप. साधारण दोन ते सहा मीटर उंचीचं, सरळ वाढणारं, बुडाजवळून थोड्याफार फांद्या फुटणारं. अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातलं. एकटंदुकटं क्वचित दिसतं. डोंगरउतारावर एकरच्या एकर फक्त कारवीच, असं रान असतं. त्या रानात शिरलं तर वरून हिरवं छत आणि खाली बोटाएवढ्या जाडीच्या काठ्यांचं दाट कुंपण. वाट सोडून दहा पावलंही सरळ चालता येत नाही.

शास्त्रीय नावं दोन का आढळतात?

नेस फॉन एझेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये तिचं वर्णन ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसा’ या नावाने केलं. १९४४ मध्ये ब्रेमेकांप या डच अभ्यासकाने या मोठ्या गटाचे अनेक तुकडे पाडले आणि आपल्या कारवीसाठी ‘कार्विया’ हा स्वतंत्र वंश केला. म्हणजे मराठी नावालाच लॅटिन टोपी घातली. पुढच्या संशोधनाने ते तुकडे पुन्हा एकत्र जोडले, त्यामुळे आज स्ट्रोबिलँथस हेच नाव रूढ आहे. जुन्या पुस्तकांत आणि मधाच्या कागदपत्रांत मात्र कार्विया कॅलोसा भेटते. दोन्ही एकच.

‘स्ट्रोबिलँथस’ म्हणजे शंकूसारखं फूल. ग्रीक भाषेत ‘स्ट्रोबिलोस’ म्हणजे पाइन-देवदारासारख्या झाडांना येतो तसा शंकू आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल. कारवीच्या कळ्यांचा तुरा पाहिला की नावाचं कारण कळतं: एकावर एक चढवलेल्या खवल्यांसारख्या गोलसर पानांचा घट्ट तुरा. ‘कॅलोसा’ हा शब्द घट्ट्यांसाठी. खोडावर बारीक गाठी-पुटकुळ्या असतात, त्यावरून.

फूल नसताना कारवी ओळखायची कशी?

पावसाळ्यात ओळखणं सोपं. पानं समोरासमोर येतात, पण जोडीतली दोन पानं बऱ्याचदा सारख्या मापाची नसतात. एक थोरलं, एक धाकटं. आकार लांबट अंडाकृती, टोक निमुळतं, कडा बारीक दातेरी, लांबी वीतभर किंवा थोडी कमी. पानाच्या मधल्या शिरेतून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या उपशिरा ठळक आणि समांतर असतात, त्यामुळे पान दुमडून पुन्हा उलगडल्यासारखं दिसतं. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.

उन्हाळ्यात पानं झडतात आणि उरतात नुसत्या करड्या काठ्या. तेव्हा खोडावरच्या पुटकुळ्या बघा, आणि समोरासमोरच्या पानांच्या देठांच्या खुणा बघा. शिवाय रानाचा पोत बघा: एकाच उंचीच्या, एकाच जाडीच्या हजारो काठ्या उतारावर उभ्या असतील तर ती बहुधा कारवीच. इतर झुडपांत लहानमोठी सगळी वयं एकत्र असतात.

उन्हाळ्यात रान वाळलेलं दिसतं. ते मेलं की जिवंत आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याच चुकीपायी जिवंत रानं तोडली जातात. पाऊस संपला की जमिनीतली ओल आटते, कारवी पानं टाकते आणि जूनपर्यंत मेल्यासारखी उभी राहते. दर वर्षी. नखाने साल जरा खरवडा. आत हिरवट, ओलसर थर दिसला तर झाड जिवंत. आत तपकिरी, कोरडं आणि काठी वाकवताच कट्कन मोडली तर मेलेलं. तपासताना एकच काठी बघू नका, वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच-सहा बघा, कारण जिवंत रानातही एखादी मेलेली काठी असतेच.

तुऱ्यांकडेही लक्ष द्या. काठ्यांवर वाळलेले, चिकट, उग्र वासाचे तुरे लटकत असतील तर ते रान नुकतंच फुलून गेलंय. कारवी एकदाच फुलते आणि मरते, म्हणून ते झाड पुन्हा पालवणार नाही.

फूल नेमकं कसं असतं?

घंटेच्या किंवा नरसाळ्याच्या आकाराचं, पाच पाकळ्या खाली जोडलेल्या आणि वर पसरलेल्या. रंग निळसर जांभळ्यापासून गुलाबी जांभळ्यापर्यंत. एकाच उतारावर दोन्ही छटा दिसतात. पांढरी फुलं अगदी विरळा. तुऱ्यातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत, खालून वर थोडी थोडी उमलत जातात, म्हणून एका रानाचा बहर काही आठवडे टिकतो. तुऱ्यावर चिकट लव असते. कपड्यांना ती लागली की वास धुतल्याशिवाय जात नाही, आणि काहींना तो आवडतोही.

सात वर्षांनी फुलते की आठ?

भांडण जुनं आहे आणि बरंचसं मोजण्याच्या पद्धतीचं आहे. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं उदाहरण घेऊ. तिथे मोठा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. म्हणजे बहरापासून बहरापर्यंत आठ वर्षं. पण २०१६ च्या फुलांचं बी त्याच वर्षी रुजलं नाही. ते बोंडात राहिलं आणि २०१७ च्या पावसात जमिनीवर पडून उगवलं. ते रोप २०२४ मध्ये फुललं तेव्हा त्याची सात वर्षं पूर्ण झाली होती आणि तो त्याचा आठवा पावसाळा होता. झाडाचं वय मोजणारा सात म्हणतो, बहरांतलं अंतर मोजणारा आठ म्हणतो. दोघंही बरोबर.

याखेरीज एक खरा फरकही आहे. सगळ्या सह्याद्रीचं घड्याळ एक नाही. एका डोंगरावरची कारवी या वर्षी फुलते, शेजारच्या खोऱ्यातली दोन वर्षांनी. म्हणून ‘कारवी पुढे कधी फुलणार?’ या प्रश्नाला ‘कुठली कारवी?’ हाच उलट प्रश्न. मुंबईतल्या मुख्य रानासाठी हिशेब २०३२ चा येतो.

अधल्यामधल्या वर्षी थोडी फुलं दिसली. मग हा हिशेब खोटा का?

नाही. मोठ्या बहराच्या एक वर्ष आधी किंवा एक वर्ष नंतर काही चुकार झाडं फुलतात. शिवाय एकाच डोंगरावर वेगवेगळ्या पिढ्यांचे तुकडे असू शकतात. दरड कोसळली, वणवा लागला, रस्त्यासाठी उतार कापला, आणि नंतर बाजूच्या रानाचं बी तिथे पोचलं, की त्या तुकड्याचं वेळापत्रक आसपासच्या रानापेक्षा वेगळं होतं. दहा झाडं फुललेली बघून ‘यंदा कारवीचं वर्ष’ अशी आरोळी ठोकणं बरं नाही. लोक दोनशे किलोमीटरवरून येतात आणि हिरवं रान बघून परत जातात.

सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदम मरतात, यात फायदा काय?

दोन गोष्टी वेगळ्या करून बघू. एकदा फुलून मरणं हे भातापासून बांबूपर्यंत अनेक वनस्पती करतात: साठवलेलं सगळं अन्न एकाच वेळी बियांमध्ये ओतायचं. एकाच वेळी फुलणं ही दुसरी गोष्ट. त्याचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं की बी खाणाऱ्यांचं पोट एका मर्यादेपर्यंतच भरतं. दर वर्षी थोडं थोडं बी पडलं तर उंदीर, पाखरं आणि किडे ते जवळजवळ सगळं फस्त करतील, आणि दर वर्षी खाणाऱ्यांची संख्याही टिकून राहील. सात वर्षं काहीच दिलं नाही तर त्या बियांवर विसंबणारे वाढत नाहीत. मग एका हंगामात अफाट बी ओतलं की खाऊन खाऊन खाणार किती! उरलेलं रुजतं. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जँझेन यांनी १९७६ मध्ये बांबूच्या संदर्भात हा विचार सविस्तर मांडला. मिझोराममधला सुमारे ४८ वर्षांनी फुलणारा बांबू हे त्याचं ठसठशीत उदाहरण. तिथे बांबूच्या बियांवर उंदीर इतके माजतात की पुढे शेतं उद्ध्वस्त होतात.

दुसरा फायदा परागीभवनाचा. एकटंच फुललेलं झाड मधमाशीला परवडत नाही. डोंगरच्या डोंगर फुलला की आग्या माश्या, सातेरी आणि काळे भुंगे लांबून येतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर पोचतो.

फुलल्यानंतर पुढे काय काय होतं?

मुंबईच्या रानाचंच वर्ष धरून सांगायचं तर: जून-जुलैत पानांच्या बगलेत आणि शेंड्यांना कळ्यांचे तुरे दिसू लागतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बहर, उंच डोंगरांवर ऑक्टोबरातही. फुलं गळून पडतात, तुरे तसेच राहतात आणि त्यांच्या खवल्यांत बोंडं भरतात. हिवाळ्यात झाड वाळायला लागतं. पण बोंडं फुटत नाहीत. ती आख्खा उन्हाळा काठीवरच बसून राहतात.

मग पुढच्या जूनमध्ये पहिली सर पडते. बोंडं भिजतात आणि तडतड आवाज करत फुटतात. शांत रानात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो, लाह्या फुटल्यासारखा. बोंडाच्या आत प्रत्येक बीखाली वाकलेल्या आकड्यासारखा एक टणक भाग असतो, आणि बोंडाच्या दोन फाका झटक्यात उघडल्या की तो बी दूर भिरकावतो. अडुळशाच्या कुळातल्या बहुतेक वनस्पतींची ही खूण आहे. पावसानेच फुटायचं असल्यामुळे बी कोरड्या जमिनीवर महिनोन्महिने उघडं पडून राहत नाही. पडतं तेच ओल्या मातीत. घरी करून बघायचं असेल तर पूर्ण वाळलेलं एक बोंड पाण्याच्या वाटीत टाका आणि तोंड जरा मागे ठेवा.

त्याच पावसात मेलेल्या काठ्यांखाली रोपांची गादी उगवते. सगळी एकाच महिन्यातली, म्हणून पुढे सगळी एकाच वयाची. रानाचं वेळापत्रक इथेच बांधलं जातं.

मेलेलं रान साफ केलं तर नवीन रोपांना ऊन मिळेल ना?

घाई करू नका. वाळक्या काठ्या पहिल्या पावसाळ्यात तीन कामं करतात: सरींचा मार अडवतात, माती धरून ठेवतात आणि रोपांना गुरांच्या पायांपासून वाचवतात. उतार साफ केला तर जुलैच्या पावसात पातळ माती रोपांसकट वाहून जाते. त्याहून वाईट म्हणजे जून उजाडण्याआधीच काठ्या तोडून नेणं. बोंडं काठीवरच असतात, म्हणजे अख्ख्या पिढीचं बी मोळीत बांधून खाली उतरतं. तोडायच्याच असतील तर बोंडं फुटून गेल्यावर, पावसाळा संपल्यावर, आणि पट्ट्यापट्ट्याने तोडा.

खरा धोका वणव्याचा. बहरानंतरचा उन्हाळा हा रानाच्या आठ वर्षांतला सगळ्यात नाजूक काळ: झाडं मेलेली, सगळं बी जमिनीच्या वर आणि भोवती काडीकाडी पेटायला तयार. त्या एका उन्हाळ्यात जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढणं हे उरलेल्या सात उन्हाळ्यांपेक्षा जास्त मोलाचं. गवत चांगलं यावं म्हणून कडेचा माळ पेटवण्याची सवय असलेल्या गावांत हे आधीच बोलून ठेवावं लागतं.

कारवी कुठल्या जमिनीत आणि किती उंचीवर वाढते?

पश्चिम घाट आणि सातपुडा ही तिची भूमी; भारताबाहेर ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. मुंबईच्या जेमतेम शे-दोनशे मीटरच्या टेकड्यांपासून महाबळेश्वर आणि हरिश्चंद्रगडाच्या १४०० मीटरच्या आसपासच्या माथ्यांपर्यंत ती दिसते. माथेरान, खंडाळा, भीमाशंकर, माळशेज या सगळ्या पट्ट्यात तिची रानं आहेत. पावसाच्या बाबतीत तिची सहनशक्ती मोठी आहे. मुंबईत वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. दोन्हीकडे ती आनंदात असते, कारण दोन्हीकडे पाणी उतारावरून निघून जातं. साचलेलं पाणी मात्र तिला खपत नाही. सपाट, पाणथळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, ती नसते, सड्याच्या कडेवरून उतार सुरू झाला की लगेच भेटते.

माती पातळ चालते, बेसाल्टचा मुरूम चालतो, जांभा चालतो. ऊन-सावलीचंही तसंच. निम-सदाहरित आणि पानझडी जंगलात मोठ्या झाडांखाली ती विरळ असते. छत्र उघडं पडलं, झाडं तुटली की ती जागा दाट भरून काढते.

कारवी माजली की जंगल वाढत नाही, असं म्हणतात. मग ती तण आहे का?

अर्धं खरं. दाट कारवीखाली जांभूळ, हिरडा यांच्या रोपांना ऊन मिळत नाही आणि ती खुरटतात. पण सात-आठ वर्षांनी कारवी मरते तेव्हा छत एकदम उघडतं, आणि तोवर तगून राहिलेल्या रोपांना वर यायची संधी मिळते. दरम्यान तिने उतारावरची माती धरलेली असते. बाहेरून आलेल्या घाणेरीची आणि रानमोडीची गोष्ट वेगळी. त्या जागा सोडतच नाहीत. आपल्या मते, ज्या उतारावर झाडं तुटून गेलीत तिथे कारवी हा रोग नसून जखमेवरची खपली आहे. ती खरवडून वृक्षारोपणाचे खड्डे खणण्याचे प्रकार होतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्डे मातीसकट ओढ्यात जातात.

टोपली कारवी, माळकारवी, वायटी, कुरिंजी: या सगळ्या एकच का?

एकाच वंशातल्या वेगवेगळ्या जाती.

टोपली कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस सेसिलिस. उंची कमरेच्या आत, झुडूप गोल, टोपली उपडी घातल्यासारखं. कास पठारावर उघड्या माळावर दिसते ती प्रामुख्याने ही. ‘कासला कारवी फुलली’ अशी बातमी वाचून कुणी पुरुषभर उंचीचं रान शोधायला गेलं तर हिरमोड ठरलेला. माळकारवी म्हणजे स्ट्रोबिलँथस रेटिक्युलाटा. तीही उंच माळांवरची. वायटी म्हणजे स्ट्रोबिलँथस इक्सिओसेफाला, जंगलाच्या सावलीत वाढणारी. हिचं फूल फिकट, जवळजवळ पांढरं आणि तुरा गोलसर चिकट.

नीलकुरिंजी म्हणजे स्ट्रोबिलँथस कुंथियाना. ती दक्षिणेची: निलगिरी, पळणी, मुन्नार. उंच गवताळ डोंगरांवर वाढते आणि बारा वर्षांनी फुलते. मुन्नारला २००६ आणि २०१८ मध्ये फुलली, पुढचा हिशेब २०३०. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात ती नाही. आपल्याकडच्या कारवीच्या फोटोखाली ‘नीलकुरिंजी’ लिहिलेलं दिसलं तर समजा की लिहिणाऱ्याने बारा आणि आठमध्ये गल्लत केलीय.

बघायला कधी आणि कसं जावं?

आधी त्या विशिष्ट डोंगराचा मागचा बहर कधी झाला ते गावात विचारा. गुराखी आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांना ते वर्ष पक्कं ठाऊक असतं. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तुरे आलेत का ते बघून घ्या. तुरे नाहीत म्हणजे यंदा फुलं नाहीत. सप्टेंबरात चमत्कार होणार नाही. बहर पूर्ण भरात असतो तो साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

सकाळी जा. दुपारी ढग उतरतात आणि वारा-पावसाने फुलं गळतात. अत्तर, सुगंधी तेल नको, सिगारेट तर नकोच: बहरात आग्या माश्या हजारांनी असतात आणि आग्या मोहोळ उठलं तर कारवीच्या रानातून पळताही येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, घट्ट पकड असलेले बूट. रान ओलं असताना उताराला कारवीची काठी धरून चढू नका. पातळ मातीतून ती मुळासकट हातात येते.

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात फूल, बी, काठी काहीही तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. एक तुरा तोडला तर त्यातलं सगळं बी गेलं, आणि त्या झाडाला दुसरी संधी नाही.

फोटोत फुलं निळी येतात, डोळ्यांना जांभळी दिसतात. का?

निळ्या-जांभळ्याच्या सीमेवरचे रंग कॅमेऱ्याला नीट पकडता येत नाहीत आणि ढगाळ उजेड त्यात भर घालतो. ‘ऑटो’ सोडून पांढऱ्याचा समतोल ‘ढगाळ’वर ठेवा आणि उजेड थोडा कमी घ्या. ओळख पटवण्यासाठी फोटो काढत असाल तर चार हवेत: फुलाचा समोरून, तुऱ्याचा बाजूने, पानांच्या एका जोडीचा आणि अख्ख्या झाडाचा, शेजारी माणूस उभा करून. नुसत्या फुलाच्या फोटोवरून जात सांगणं अवघड होतं.

कारवीचा मध वेगळा असतो का?

बराच. रंगाने गडद आणि पोत असा की पोळ्यात तो जेलीसारखा घट्ट बसतो. हलवला की पातळ होतो, ठेवून दिला की पुन्हा घट्ट. जगात मोजक्याच मधांत हा गुण ठळकपणे सापडतो. स्कॉटलंडच्या हीदर झुडपाचा, न्यूझीलंडच्या मानुकाचा आणि आपल्या कारवीचा. याचा व्यवहारातला त्रास असा की मधयंत्रात फिरवलं तरी मध पोळ्यातून सुटत नाही. जोर वाढवला तर सातेरीची नाजूक पोळी चौकटीतून निखळतात. म्हणून एकतर चौकट फिरवण्याआधी घरांतला मध बारीक सुयांनी हलवून पातळ करावा, नाहीतर पोळं कापून स्वच्छ कापडातून दाबून गाळावं.

दुसरी अडचण पाण्याची. बहर ऐन पावसाळ्यात, हवा दमट, त्यामुळे मधात पाणी जास्त राहतं. २० टक्क्यांच्या वर गेलं की मध आंबतो, फेसाळतो. चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरं माश्यांनी मेणाने बंद केल्याशिवाय मध काढू नका.

प्रयोगशाळेच्या अहवालात कारवीचा मध भेसळीचा ठरू शकतो, हेही माहीत असू द्या. भारतीय अन्न मानकांत बहुतेक इतर मधांना सुक्रोज जास्तीत जास्त ५ टक्के चालतं, कारवीच्या मधाला १० टक्के. आणि बहुतेक इतर मधांत किमान ६५ टक्के लागणारी क्षपणशील साखर (ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारखी) कारवीच्या मधात ६० टक्के चालते. ही सवलत नियमात नावाने दिली आहे. नमुना देताना तो कारवीचा आहे असं लिहून द्या, नाहीतर तो साध्या मधाच्या मापाने मोजला जाईल.

कुडाच्या भिंतीसाठी कारवी कशी वापरतात?

कोकणात आणि घाटावरच्या आदिवासी पाड्यांत कुड म्हणजे बहुतेक वेळा कारवीच. वारली चित्रं ज्या भिंतींवर काढली जातात त्यांच्या आत याच काठ्या असतात.

काठी निवडताना अंगठ्याएवढी जाड, पूर्ण वाढलेली, पाऊस संपल्यावर तोडलेली घ्यावी. ओली काठी लावली तर ती वाळताना आकसते आणि लिंपण सुटतं. पाला काढून काठ्या सावलीत उभ्या वाळवतात. लाकडी मेढी रोवून त्यांना बांबूच्या आडव्या कामट्या बांधतात आणि त्यांवर कारवीच्या काठ्या उभ्या, एकमेकींना चिकटून आवळतात. मग तांबडी माती, शेण आणि भाताचं तूस किंवा चिरलेला पेंढा एकत्र तुडवून दोन्ही बाजूंनी लिंपतात. तूस कमी पडलं तर भेगा हमखास. पहिला थर वाळून चिरा पडू द्यायच्या, दुसऱ्या थराने त्या भरायच्या, आणि वर शेणाचं सारवण.

कुड बिघडतो तो जवळजवळ नेहमी खालून. काठ्यांची टोकं ओल्या जमिनीला टेकली की दोन पावसाळ्यांत कुजतात आणि वाळवी चढते. म्हणून दगडी जोतं आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर पडेल इतकं छप्पर पुढे. फुलून मेलेल्या रानातल्या काठ्या ताज्या असतील तर ठीक, पण एक पावसाळा भिजलेल्या असतील तर त्या ठिसूळ होतात. सरपणाला घ्या, भिंतीला नको.

औषधी आहे का?

सूज आणि दुखण्यावर पाल्याचा लेप लावण्याची पद्धत डोंगरी भागात आहे, आणि मुळांमध्ये ल्युपिऑल हे सूज कमी करणारं द्रव्य आढळलंय. त्यावरून काढा करून पिऊ नये.

फुलपाखरांना तिचा उपयोग होतो का?

फुलांपेक्षा पानांचा जास्त. चॉकलेट पॅन्सी आणि पालापाचोळ्यात वाळक्या पानासारखं दिसणारं ब्ल्यू ओकलीफ यांच्या अळ्या कारवीच्या गटातल्या पानांवर वाढतात. म्हणजे बिनफुलांच्या सात पावसाळ्यांतही या रानात वर्दळ असतेच. मान खाली घालून पानांची खालची बाजू बघावी लागते एवढंच.

बागेत लावता येईल का?

कुंडीत लावून फुलं बघायची हौस असेल तर नको. सात वर्षं सांभाळायची, एकदा फुलं आणि मग वाळकी काठी. घाटमाथ्यावर किंवा कोकणात स्वतःची उतरती जमीन असेल आणि बांध धरायचा असेल तर जरूर लावा.

बी खासगी जमिनीतल्या रानातलं घ्या, तेही बहरानंतरच्या उन्हाळ्यात बोंडं वाळल्यावर. बोंडं कापडी पिशवीत घालून तोंड बांधा आणि पाणी शिंपडा. बी पिशवीतच उडेल. मेच्या अखेरीस मुरूम, माती आणि पालापाचोळ्याचं खत समभाग घेऊन पिशव्या भरा, प्रत्येकीत तीन-चार बिया वर टाकून जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती पसरा. खोल पुरलेलं बी कुजतं. पावसातच राहू द्या, पण पिशवीला तळाशी भोकं हवीत. रोपं तग धरून जोमाने वाढू लागली की त्याच पावसाळ्यात उतारावर दोन-दोन फुटांवर लावा. पहिल्या उन्हाळ्यात पानं झडली म्हणून पाणी घालत बसू नका आणि उपटूनही टाकू नका. दोन्ही चुका सारख्याच वेळा होतात.

आमच्या डोंगरावरच्या बहराची नोंद कशी ठेवावी?

तारीख, डोंगराचं आणि गावाचं नाव, उंची, उताराची दिशा. मग एक ठरावीक जागा निवडून दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद तुकड्यात किती झाडांना तुरे आहेत आणि किती बिनतुऱ्याची आहेत ते मोजा. ‘खूप फुलली’ या शब्दाचा आठ वर्षांनी उपयोग होत नाही. ‘शंभरात नव्वद’ याचा होतो. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी जाऊन रोपं उगवली का ते बघा आणि तो महिना लिहा, कारण पुढचा हिशेब तिथून सुरू होतो. बिनफुलांच्या वर्षीही एक ओळ लिहायची: ‘तुरे नाहीत’. वही एकाच घरात न ठेवता शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवा. सातवीतला विद्यार्थी पहिली नोंद करेल आणि दुसरी नोंद करायला तो कॉलेज संपवून आलेला असेल.